वेळेत धरलेले बोट

मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने थेट तिरुवनंतपुरमला जाते. दीड दिवसाचा प्रवास. डब्यात भेटणाऱ्या मराठी मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो. पद्मनाभस्वामींचे दर्शन, कोवळमचा किनारा, एक दिवस कन्याकुमारी आणि परतताना खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या. या बेतात वावगे काहीच नाही. देव, समुद्र आणि खाणे या तिन्ही बाबतींत हे शहर पाहुण्याला निराश करत नाही.

पण याच शहरात दुसरी एक वाट आहे. ती उळ्ळूरच्या बाजूला, मेडिकल कॉलेजकडे जाते. बसमधून उतरणाऱ्यांत आयाबायाच जास्त. कुणाच्या कडेवर चार महिन्यांचे तान्हे, कुणाच्या खांद्यावर मान टाकलेले दोन वर्षांचे पोर, कुणाच्या हातात जुन्या कागदपत्रांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. त्यांना देवळाची घाई नसते आणि समुद्राचीही नसते. आपले मूल इतर मुलांसारखे वाढते आहे का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायला त्या आलेल्या असतात.

यंदा ओणम संपल्यावर मी याच वाटेने गेले. पुढे सह्याद्रीचा घाट उतरून तामिळनाडूतील आयक्कुडी या खेडेगावापर्यंत पोहोचले. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत यातले एकही ठिकाण सापडणार नाही. तरीही घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाने या प्रवासाची हकिकत ऐकावी असे वाटते.

राजपुत्राच्या नावाचे रुग्णालय

मेडिकल कॉलेजच्या आवारात श्री अविट्टम तिरुनाळ रुग्णालय आहे. सगळे शहर त्याला ‘एस. ए. टी.’ म्हणते. अविट्टम तिरुनाळ हा त्रावणकोरच्या राजघराण्यातला मुलगा. तो बालपणीच वारला. त्याच्या नावाने १९५२ साली बायका आणि मुले यांच्यासाठी हे रुग्णालय सुरू झाले. आपल्याकडे अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने देवळात पायरी बसवतात किंवा शाळेत बक्षीस ठेवतात. इथे एका मुलाच्या नावामागे असंख्य मुले जन्मली आणि वाचली.

मात्र मूल वाचले म्हणजे सारे झाले असे नसते. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, जन्मताच न रडलेली बाळे वाचू लागली, तसा डॉक्टरांपुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. ही बाळे घरी गेल्यावर पुढे कशी वाढतात? बसतात कधी, बोलतात कधी, मागे पडतात का? या प्रश्नातून १९८७ साली याच परिसरात बालविकास केंद्र उभे राहिले. बालरोगतज्ज्ञ डॉ. एम. के. सी. नायर हे त्याचे संस्थापक संचालक. पुढे ते केरळच्या आरोग्य विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

केंद्रात शिरताना मनात यंत्रांचे चित्र होते. प्रत्यक्षात डोळ्यांत भरल्या त्या चटया, खुळखुळे, रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे आणि कापडी बाहुल्या. एका चटईवर सहा महिन्यांचे बाळ पालथे होते. त्याची आई समोर तशीच पालथी पडून त्याला हाका मारत होती. बाळाने मान उचलली की ती हसे, मान खाली गेली की पुन्हा हाक मारी. शेजारी बसलेली प्रशिक्षिका हात लावत नव्हती, नुसती पाहत होती. मला वाटले ती कंटाळली असावी. पण तिचे काम आईला शिकवण्याचे होते. आई घरी दिवसभर बाळाजवळ असते, प्रशिक्षिका अर्धा तास. म्हणून शिकायचे ते आईने.

पेन्सिल उभी धरली की

या केंद्राने देशाला दिलेली एक वस्तू घडी घालून पर्समध्ये मावेल एवढी लहान आहे. ‘त्रिवेंद्रम विकास तपासणी तक्ता’ हे तिचे नाव. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. बडोद्यात भारतीय बालकांसाठी बेतलेल्या बेलीच्या विस्तृत चाचणीतून निवडक सतरा गोष्टी काढून तो बनवला. आईकडे पाहून हसणे, फिरत्या पेन्सिलीमागे नजर फिरवणे, मान धरणे, कुशीवर वळणे, आवाजाच्या दिशेने डोके वळवणे, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेणे, आधाराने उभे राहणे, चिमटीत दाणा पकडणे, चेंडू टाकणे, एकट्याने चालणे, दोन शब्द बोलणे, बाहुलीचे अवयव दाखवणे वगैरे. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा हा हिशेब.

प्रत्येक गोष्टीपुढे एक आडवी पट्टी असते. ती गोष्ट सर्वांत लवकर कोणत्या महिन्यात येऊ लागते तिथे पट्टी सुरू होते आणि शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना येईपर्यंत पुढे जाते. तपासणी करणाऱ्याने बाळाचे वय महिन्यांत मोजायचे आणि त्या आकड्यावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डाव्या बाजूला ज्या पट्ट्या पूर्ण संपल्या, त्या सगळ्या गोष्टी बाळाला यायला हव्यात. एखादी येत नसेल, तर पुढची तपासणी करायची. काम पाच-सात मिनिटांचे. अंगणवाडीतल्या सेविकेला ते जमते. पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीही असाच तक्ता तयार झाला.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी की, हा तक्ता रोगाचे नाव सांगत नाही. तो फक्त ‘इथे थांबून पाहा’ एवढेच सांगतो. दुसरी, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना, जेवढे आठवडे ते आधी आले तेवढे दोन वर्षांपर्यंत वजा करायचे असतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळासारखे वागले, तर ते मागे नाही, वेळेवरच आहे.

आणि लवकर हात घातल्याने खरोखर फरक पडतो का? याच केंद्राने जोखमीच्या ८०० बाळांचे दोन गट करून ते पाहिले. एका गटातील आयांना बाळाला उत्तेजन कसे द्यायचे ते शिकवले. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शिकवलेल्या आयांची बाळे एका वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या चाचणीत पुढे होती. औषध कुठलेच नव्हते. तेल लावताना, न्हाऊ घालताना, भरवताना बाळाशी बोलणे, त्याला वळायला लावणे, वस्तू दाखवणे, हाताला खरखरीत-मऊ लावून देणे एवढेच. आपल्या आज्या हे करीतच होत्या. ज्या बाळाला जास्त गरज आहे त्याच्याशी ते जास्त, नेमाने आणि क्रमाने करायचे, एवढी भर शास्त्राने घातली.

चालै बाजारातली विट्याची लेक

तिरुवनंतपुरमच्या जुन्या किल्ल्यापासून पाच मिनिटांवर चालै बाजार आहे. मसाले, भांडी, फुले आणि सोने-चांदी यांची दाटी. या गर्दीतल्या बोळात अचानक अस्सल माणदेशी मराठी कानावर पडते आणि पाय थबकतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडील माण-खटाव या दुष्काळी भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी दक्षिणेत पसरली. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करायचे हा त्यांचा व्यवसाय. तामिळनाडू-केरळात जिथे सराफकट्टा तिथे विट्याकडचा एखादा माणूस हमखास भेटतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरची लेक इथे अशाच दुकानदाराला दिली आहे. दुकानावरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. तिचा मुलगा बावीस महिन्यांचा. गोरापान, हसरा, घरभर पळणारा. पण अजून एक शब्द नाही. ‘आई’सुद्धा नाही.

“मावशी, सासूबाई म्हणत्यात, ह्याचा बापबी तीन वर्सानं बोलला,” चहा देताना ती म्हणाली. “शेजारीण म्हणती, घरात मराठी, बाहेर मल्याळम, दुकानात तमिळ, त्यानं पोर बावचाळलंय. म्हणून ह्यांच्या मनात आहे, वर्षभर विट्याला आजीजवळ ठेवावं. एकच भाषा कानावर पडंल.”

“आणि तुझ्या मनात काय आहे?” मी विचारले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “भांडं पडलं की वळतोय. फटाक्याला दचकतोय. पण मी मागनं हाक मारली की वळत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणत्यात, खेळात दंग असतोय.”

आईच्या अशा बारीक निरीक्षणाला घरात किंमत मिळत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तिने नाव नोंदवलेलेच होते, फक्त जायला सोबत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुलाला घेऊन उळ्ळूरला गेलो.

तक्त्यावर बावीस महिन्यांवर पेन्सिल उभी राहिली. चालणे, चेंडू टाकणे, मागे पाऊल टाकणे, सगळ्या पट्ट्या ओलांडल्या होत्या. ‘दोन शब्द बोलतो’ ही पट्टी मात्र पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपली होती आणि मूल तिथे अडले होते. डॉक्टरीणबाईंनी इकडचे-तिकडचे बोलणे न लावता एकच सांगितले. बोलणे उशिरा असेल तर पहिली तपासणी कानांची.

भाषांबद्दल विचारले तेव्हा त्या हसल्या. घरात दोन-तीन भाषा असल्याने मूल कायमचे मागे पडत नाही. भारतात तर अशी घरे लाखोंनी आहेत. सुरुवातीला शब्द सगळ्या भाषांत विखुरतात, पण सगळ्या मिळून मोजले की भरतात. या मुलाजवळ एकाही भाषेतला शब्द नव्हता, आणि दोष भाषांवर टाकून मोकळे होता येत नव्हते.

आक्कुलमची वाट

शहराच्या उत्तरेला आक्कुलम तलाव आहे. बाजूला माडांची दाटी, पाण्यात होड्या. सुट्टीच्या दिवशी इथे कुटुंबे फिरायला येतात. याच आक्कुलममध्ये ‘निश’ म्हणजे राष्ट्रीय वाचा आणि श्रवण संस्था आहे. ती १९९७ साली स्थापन झाली. बहिऱ्या मुलांसाठी लहानपणीच्या प्रशिक्षणापासून पदवीपर्यंतचे शिक्षण एका आवारात देणारी अशी ठिकाणे देशात फार थोडी आहेत. आवारात पदवीचे विद्यार्थी खाणाखुणांच्या भाषेत गप्पा मारताना दिसतात. हात भराभर हलतात, चेहऱ्यावर हसू फुटते, विनोद झाला हे लांबूनही कळते. विट्याची लेक त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. “ही पोरं कॉलेजात हायत व्हय?” तिने दोनदा विचारले.

मूल झोपल्यावर त्याच्या डोक्याला तारा चिकटवून तपासणी होते. कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोहोचतो का ते यंत्र लिहून काढते. मुलाने काही सांगावे लागत नाही, म्हणून ती तान्ह्या बाळाचीही करता येते. बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासावे, शंका असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असे तज्ज्ञ सांगतात. आमचा पाहुणा बावीस महिन्यांचा होता.

निकाल आला. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. मोठा आवाज पोहोचत होता, बोलणे मात्र पुसट, तुटक पोहोचत होते. म्हणून भांडे पडले की तो वळे आणि आईची हाक मात्र त्याच्यापर्यंत जात नसे. शेजारीण, सासूबाई, नवरा, सगळ्यांचे तर्क प्रेमापोटीच होते. पण त्या तर्कांत सव्वा वर्ष गेले होते.

ती रडली. मग पदराने डोळे पुसून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : “मी त्याच्याशी आता कुठल्या भाषेत बोलू?”

“ज्या भाषेत तुम्हांला आपोआप बोलता येतं, त्या भाषेत,” प्रशिक्षिका म्हणाली. “तो यंत्र लावेल. तुम्ही तोंडासमोर बसून, जवळून बोला. भाजी निवडताना बोला, कपडे घडी करताना बोला. शाळेत मल्याळम शिकेल. आईची भाषा आईनंच द्यायची.”

कानाच्या मापाचे साचे घेतले गेले. श्रवणयंत्रांसाठी केंद्र सरकारची अपंगांना साधने देणारी योजना आहे. ज्यांना यंत्राने भागत नाही अशा मुलांच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवण्यासाठी केरळ सरकारची ‘श्रुतितरंगम’ योजना आहे. यंत्र मिळणे ही सुरुवात. त्यानंतर वर्षानुवर्षे नेमाने आईने मुलाला घेऊन यायचे, शिकायचे आणि घरी करायचे.

खरा पेच त्याच रात्री उभा राहिला. दुकान मदुराईला हलवायचे घाटत होते. तिथे धंदा बरा. मूल विट्याला, दुकान मदुराईला आणि उपचार तिरुवनंतपुरमला, असा तीन गावांचा तिढा. नवरा मितभाषी. जेवण झाल्यावर तो गच्चीत गेला, गावाकडे फोनवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, “मदुराईला धाकटा जाईल. आपण दोन वर्सं हितंच.” धंद्यातला तोटा किती, ते त्याने सांगितले नाही. बायकोने विचारले नाही. पोर दोघांच्या मध्ये झोपले होते.

घाट ओलांडून

दोन दिवसांनी मी एकटी तेन्काशीच्या बसमध्ये बसले. तिरुवनंतपुरमहून पालोड, कुळत्तुपुळा, तेन्मला, आर्यंकावू असा हा रस्ता सह्याद्री ओलांडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर. रबराच्या बागा, मग सागाचे रान, मग वळणावळणाचा घाट. तेन्मलाजवळ रेल्वेचा तेरा कमानींचा दगडी पूल दिसतो. कोल्लम ते शेंकोट्टै ही मीटरगेज गाडी १९०४ साली सुरू झाली. रुंद रुळांचे काम पुरे होऊन २०१८ पासून गाड्या पुन्हा घाटातून धावू लागल्या.

शेंकोट्टै लागले की हवा बदलते. ओलसर हिरवाई मागे राहते, आभाळ मोकळे होते, भाताची खाचरे आणि ताडाची झाडे सुरू होतात. १९५६ पर्यंत हे गाव त्रावणकोरात होते. भाषावार राज्यरचनेत ते तेव्हाच्या मद्रास राज्यात गेले. पुढे तेन्काशी, म्हणजे दक्षिण काशी. पंधराव्या शतकात पांड्य राजाने बांधलेल्या काशी विश्वनाथाच्या देवळाचे उंच गोपुर लांबून दिसते. जवळच कुट्रालमचे धबधबे. पावसाळ्यात तिथे अंगाला तेल चोळून धारेखाली उभे राहणाऱ्यांची जत्रा भरते. या साऱ्या रम्य परिसरात, तेन्काशीपासून थोड्या अंतरावर आयक्कुडी आहे. सुब्रह्मण्याचे देऊळ, तळे, भातशेती, एक मोठी बाजारपेठही नसलेले गाव.

‘अमर’ नावामागची गोष्ट

१९७५ साली एस. रामकृष्णन नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी नौदलाच्या अधिकारी निवडीसाठी बंगळूरला गेला होता. शारीरिक कसोटीत तो पडला आणि मणक्याला इजा झाली. मानेखालचे सारे शरीर निकामी झाले. सैन्यदलातील शल्यचिकित्सक डॉ. अमरजितसिंग चहल यांनी त्याच्यावर उपचार केले आणि जगण्याची उमेद दिली. आपल्या आयक्कुडी गावी परतल्यावर रामकृष्णन यांनी १९८१ साली संस्था काढली, तिला डॉक्टरांचे नाव दिले : अमर सेवा संगम. पुढे सनदी लेखापाल असलेले एस. शंकर रामन त्यांना येऊन मिळाले. स्नायू क्षीण होत जाण्याच्या विकारामुळे तेही चाकांच्या खुर्चीवर. २०२० साली रामकृष्णन यांना पद्मश्री मिळाली.

संस्थेच्या आवारात शाळा आहे, विशेष शिक्षणाचे वर्ग आहेत, उपचारकेंद्र आहे, साधने तयार करण्याची कार्यशाळा आहे. उतार असलेले रस्ते सगळीकडे, त्यामुळे चाकांच्या खुर्च्या विनासायास फिरतात. एका वर्गात पाच-सहा मुलांमागे एक बाई शिकवीत होत्या. कुणी मणी ओवत होते, कुणी पाण्याचा पेला न सांडता नेण्याचा सराव करत होते. प्रत्येक मुलाची वेगळी वही होती. त्यात पुढच्या तीन महिन्यांत या मुलाने काय शिकायचे ते लिहिलेले. ‘स्वतः बटण लावील’, ‘लाल-पिवळा ओळखील’, ‘शौचाची सूचना देईल’. आपल्याला ही उद्दिष्टे किरकोळ वाटतील. ज्या घरात सात वर्षांच्या मुलाचे सगळे आईने करायचे असते, तिथे एक बटण म्हणजे दिवसातली दहा मिनिटे आणि मुलाची मान ताठ.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते आवाराबाहेरचे काम. मुले केंद्रात येऊ शकत नाहीत म्हणून इथल्या कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत घरोघरी जातात.

विडीच्या सुपाशेजारी

अशाच एका कार्यकर्तीबरोबर मी जवळच्या खेड्यात गेले. तेन्काशी-तिरुनेलवेली भागात बायका घरोघरी विड्या वळतात. आपल्या सोलापूर-सिन्नरच्या वस्त्यांची आठवण व्हावी अशी ओसरी : मांडीवर सूप, सुपात पाने, तंबाखू आणि दोऱ्याचे रीळ. त्या घरातली मुलगी तीन वर्षांची. जन्मताना बराच वेळ अडली, उशिरा रडली. मेंदूला इजा होऊन हातपाय ताठर झाले. सेरेब्रल पाल्सी.

तिला कोपऱ्याच्या आकाराच्या लाकडी खुर्चीत बसवले होते. पाठीला दोन्ही बाजूंनी आधार, पुढे छोटी फळी. खुर्चीमुळे पाठ सरळ राहते आणि हात मोकळे होतात. आधी मूल आडवे पडून आढे पाहत असे, आता रस्त्यावरची माणसे पाहते. आई विडी वळत असताना मुलगी शेजारी बसे, तेव्हा तंबाखूची धूळ तिच्या नाकातोंडात जाई. कार्यकर्तीने ते पहिल्याच भेटीत हेरले आणि खुर्चीची जागा वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला हलवली. असली सूचना कुठल्या पुस्तकात नसते, घरी गेल्यावरच सुचते.

कार्यकर्तीने मोबाईलवर नोंदी पाहिल्या. गेल्या महिन्यात काय ठरले, काय झाले, आता काय करायचे. मग आजीला पुढे बोलावले. भात भरवताना मान मागे टाकून घास सोडायचा नाही, मान किंचित पुढे घ्यायची, मग ठसका लागत नाही. आजीने करून दाखवले. मुलीने घास गिळला आणि पुढच्या घासासाठी हात उचलला. हात नेमका ताटलीत गेला नाही, बाजूला पडला. पण उचलला होता. आजी माझ्याकडे पाहून तमिळमध्ये काही म्हणाली. कार्यकर्तीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला : “पहिल्यांदा ती डोळ्यांनी मागायची. आता हाताने मागते.”

मी आईला विचारले, शहरातल्या इस्पितळात का नेत नाही? तिने हिशेब सांगितला. मजुरी हजार विड्यांवर मिळते. इस्पितळात गेले की दिवस जातो, बसभाडे जाते, वर त्या दिवशीची मजुरी जाते. आठवड्यातून दोनदा असे करणे तिला शक्यच नव्हते. उपचार म्हणजे महिनोन्‌महिने तीच गोष्ट रोज करणे. ती घराजवळ नसेल, तर चांगल्यातले चांगले इस्पितळही गरिबाच्या उपयोगाचे नाही. आयक्कुडीने हे ओळखले.

ही मुलगी बरी होईल का? कुणीही तसे सांगितले नाही. मेंदूची झालेली इजा पुसता येत नाही. पण लहान वयात मेंदू नव्या वाटा शोधतो, स्नायू आखडण्याआधी वळवता येतात, आणि बसायला, भरवून घ्यायला, मागायला शिकलेले मूल अंगणवाडीत इतरांच्या रांगेत बसू शकते. तिचे नाव अंगणवाडीत घालायचे ठरले होते. खुर्ची तिथे कोण उचलून नेणार यावर मायलेकींची चर्चा चालू होती.

आपल्या घराजवळ

परतीच्या गाडीत मनाशी हिशेब मांडत होते. हे सगळे केरळ-तामिळनाडूतच आहे का? तसे नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी १९६४ पासून मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम करत आहेत. आता ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. शाळेच्या वयाआधीचे, म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांतले काम मात्र आपल्याकडे उशिरा सुरू झाले. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली. जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब या चार गोष्टी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य तपासायच्या, हा त्याचा उद्देश. फिरती पथके अंगणवाड्या आणि शाळांत जातात. शंका आलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथे बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचार, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी योजना आहे. जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘डी. ई. आय. सी. कुठे आहे?’ एवढे विचारावे. २०२१ साली केंद्र सरकारने देशात चौदा ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी अशी केंद्रे उघडली. त्यांतले एक मुंबईत वांद्र्याच्या अलि यावर जंग संस्थेत आहे.

कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

आणि घरात? घरात काही साध्या खुणा माहीत असल्या तरी पुरे. तिसरा महिना संपेपर्यंत बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, पाचव्या महिन्यात मान धरत नसेल, दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षात चालत नसेल किंवा बोट दाखवून काही मागत नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नये. आणि आलेली एखादी गोष्ट, बोललेला शब्द, मारलेली टाळी, अचानक नाहीशी झाली, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. जन्मानंतर पहिल्या दिवसांत थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. ही ग्रंथी मंद असेल तर मूल बुद्धीने मागे पडते, आणि वेळेत कळले तर रोजच्या एका स्वस्त गोळीने ते टळते.

तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला. निघाले आणि उशीर झाला, तर गेलेले महिने कुणीच परत देत नाही. सुनेने किंवा लेकीने बाळाबद्दल काही शंका काढली, तर तिला ‘उगाच काळजी करतेस’ म्हणून गप्प बसवू नये. बाळाला सर्वांत जास्त वेळ पाहणारी तीच असते.

पुणे स्थानकावर उतरण्याआधी विट्याच्या लेकीचा फोन आला. यंत्र येऊन तीन दिवस झाले होते. पोराने पहिल्या दिवशी ते उपटून फेकले, दुसऱ्या दिवशी अर्धा तास ठेवले. “आज काय झालं माहीत हाय का, मावशी,” ती म्हणाली, “शेगडीवर दूध उतू गेलं, फस्स झालं, अन्‌ त्यानं मान वळवली. मग दुधाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.” शब्द अजून आला नव्हता. पण एवढा बारीक आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो सांगायला तिला आधी सासूबाईंना फोन करायचा होता. तिने तो केला होता. सासूबाई पुढच्या महिन्यात नातवाशी बोलायला स्वतःच तिरुवनंतपुरमला येणार होत्या.